कामतघरात सत्तरचा काटा

भिवंडीला जाऊन आलेला आमच्या घोटीचा माणूस दोनच गोष्टी सांगतो, ट्रॅफिक आणि खड्डे. मी पाच दिवस राहून आलो, म्हणून माझ्याकडे तिसरी गोष्ट आहे. भिवंडीत ऐन कामतघरात सत्तरच्या वेगाने गाडी पळवता येते. मी पळवली. बघायला निम्मी गल्ली हजर होती. गाडी फक्त जागची हलली नाही, एवढंच.

मंगळवार: घोटी ते कामतघर

गेलो होतो ताईला आणायला. माझ्या ताईचं सासर कामतघरात, आणि तिला पहिल्यांदाच दिवस गेलेत. बाळंतपणाला माहेरी यायचं हे ठरलेलं. पण तिच्या सासरी आठव्या महिन्यात सून घराबाहेर पाठवत नाहीत, आणि सातवा संपत होता शनिवारी. म्हणजे शनिवारपर्यंत ताई गाडीत बसली तर बसली, नाहीतर बाळ भिवंडीकर. आईने अंगणातली न्हाणी सारवून ठेवली होती. डिंक, मेथ्या, अळीव सगळं डब्यात भरून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मला निघताना म्हणाली, "रिकामा परत आलास तर गाडीतच झोप."

गाडी आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची. जुनी, सात सीटची, मागच्या चाकांवर चालणारी. पुढे इंजिन, मागे चाकं, आणि दोघांना जोडणारा एक लांबलचक लोखंडी दांडा पोटाखालून गेलेला. या दांड्याकडे नीट लक्ष ठेवा, पुढे कामाला येणार आहे. घोटीत ही गाडी बाजार ते घर आणि घर ते भाताची गिरणी एवढीच फिरते. चाळीसच्या वर काटा गेलेला आमच्या अण्णांना आवडत नाही.

कसारा घाट उतरलो, शहापूर मागे टाकलं, रस्ता मोकळा मिळाला आणि मी काटा सत्तरवर नेला. तर सीटखालून मुंग्या यायला लागल्या. स्टिअरिंग शांत, काच शांत, आणि माझं बूड गुणगुणतंय. साठवर आलो, थांबलं. सत्तर केलं, परत सुरू. ऐंशीला तर आरशातला मागचा ट्रक मला दोन-दोन दिसायला लागला.

आता माझं थोडं सांगतो. मला कुठलाही आवाज एकदा ऐकला की तोंडाने काढता येतो. शाळेत हेडमास्तर रिटायर झाले तेव्हा निरोपाचं भाषण त्यांच्या आधी मीच त्यांच्या आवाजात करून टाकलं होतं. मग त्यांनी स्वतःचं केलं, ते कुणाला तेवढं आवडलं नाही.

तर कामतघरात पोचलो, चहा आला, आणि मी प्रवासाचं वर्णन म्हणून गाडीची नक्कल केली. साठची, सत्तरची, ऐंशीची. खुर्चीसकट हाललो. ताई हसली. दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, शाळेत क्लार्क आहेत आणि वर्षातून मोजून दोनदा हसतात, ते पण हसले. हसल्या नाहीत त्या फक्त मावशी. मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई. इथल्याच मूळच्या, अंजूरकडच्या. नवरा गेल्यावर घरचे चार लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, वीस वर्षं एकटीने चालवले. आता लूम विकले, पण बघायची पद्धत तीच आहे. समोरचा माणूस उभा आणि आडवा दोन्ही धाग्यांनी तपासायचा.

"ही गाडी अशी करते?"

"हो ना मावशी," मी खुशीत म्हणालो.

"आन हिच्यात माझी सून बसनार?"

मला तेव्हा कळलं की मी काय केलं.

"न्हाय बसनार," मावशी म्हणाल्या. "सातव्या महिन्याचं पोट हाय. अशा हादऱ्यातून मी पाठवनार न्हाय."

दाजी म्हणाले, "भाड्याची करू."

"एसी गाडीत मला उलट्या होतात," ताई म्हणाली. "आणि काच उघडली तर ड्रायव्हर बघतो."

"भाड्याचा डायवर मला चालनार न्हाय," मावशी म्हणाल्या. "गाडी नीट करून आना. शनवार सकाळपर्यंत. न्हायतर आमच्याकडं बी दवाखाने हायेत."

हे सगळं बोलणं चालू असताना मावशींच्या घरात काय चालू होतं ते सांगतो. भिंतीला लागून शेजाऱ्यांचे लूम. खटाक-खट, खटाक-खट, दिवसभर. फळीवरची भांडी बारीक किणकिणत होती. माझ्या बशीतला चहा गोल-गोल लाटा काढत होता. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सकाळी पूर्वेला तोंड करून ठेवतात, संध्याकाळी तो हळूहळू दक्षिणेला वळलेला असतो, मग ताई त्याला परत सरळ करते. अशा घरात बसून त्या मला म्हणत होत्या की हादरा चालणार नाही. मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "कसला हादरा रे इथे?"

दोन वर्षांत ती पण कामतघरची झाली होती. पण दारापर्यंत मला सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "मन्या, मला आईकडे जायचंय. काहीही कर."

बुधवार: मुश्ताकभाईंचं गॅरेज

घोटीत गाडी बिघडली की आपण मेकॅनिककडे जातो. भिवंडीत आधी सल्ला येतो आणि मेकॅनिक मागून. गॅरेजपर्यंत चालत जाताना मला पाच जणांनी टायर सांगितले, तिघांनी इंजिनाचं फाउंडेशन, आणि एका पानवाल्याने डिझेल.

मुश्ताकभाई पन्नाशीचे, पांढरी दाढी, बोटं काळी. त्यांचं गॅरेज दोन लूमच्या शेडांच्या मधल्या बोळात आहे. दाजींचा मेव्हणा म्हटल्यावर मला पहिल्या मिनिटापासून "साले साहब" ही पदवी मिळाली आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ती लगेच वापरात आणली.

"बोलो साले साहब, क्या तकलीफ?"

मी परत नक्कल केली. चहावाला थांबला, दोन लूमवाले शिफ्ट सोडून बाहेर आले. संपल्यावर एकाने टाळी वाजवली.

मुश्ताकभाईंनी इंजिन चालू केलं, बॉनेटवर पंजा ठेवला, डोळे मिटले. भक्तिभावाने. अर्ध्या मिनिटाने उघडले.

"एकदम मक्खन. कहाँ हिलती है?"

मी पण पंजा ठेवला. गाडी थरथरत होती. मी इंजिन बंद केलं, तरी थरथरत होती. मग भिंतीला हात लावला, ती पण थरथरत होती. चहाचा ग्लास स्टुलावर उभा नाचत होता. मुश्ताकभाई तीस वर्षं या बोळात उभे आहेत. त्यांना न हलणारी वस्तू दाखवली असती तर ती बिघडलीय म्हणाले असते.

"मुश्ताकभाई, ही तर जमीनच हालतेय."

"वो लूम है. उसको मत गिनो."

पण माणूस कामाला पक्का. त्यांनी मला प्रश्न विचारले. स्टिअरिंग हालतं की सीट? सीट. गिअर बदलला तर फरक पडतो? नाही, वेगाने पडतो. ब्रेक मारल्यावर वाढतं? नाही. त्यांनी प्रत्येक उत्तराला एकेक बोट मिटलं.

"स्टेअरिंग हिले तो आगे का चक्का. सीट हिले तो पीछे का, नहीं तो प्रोपेलर."

प्रोपेलर म्हणजे आपला तो दांडा. आमच्या घोटीत त्याला दांडाच म्हणतात. दाजींनी मोबाइलवर शोधून सांगितलं की त्याचं खरं नाव ड्राइव्ह शाफ्ट. मुश्ताकभाई म्हणाले, ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे आजकालच्या छोट्या गाड्यांना पुढे असतात ते दोन बुटके, रबराचे मोजे घातलेले. यावरून दाजी आणि मुश्ताकभाई यांच्यात वीस मिनिटं चर्चा झाली. दांडा आमच्या मधोमध गप पडून होता. आपल्या बारशाला एवढ्या उशिरा वाद होईल असं त्याला वाटलं नसणार.

मागची चाकं पुढे टाकली, पुढची मागे. चारही बॅलन्स करून आणली. आता फक्त सत्तरने पळवून बघायचं राहिलं.

"चलो," मुश्ताकभाई माझ्या शेजारी बसले.

कल्याण नाक्याकडे निघालो. पहिल्या गिअरमध्ये गेलो, पहिल्याच गिअरमध्ये आलो. मध्ये एकदा दुसरा टाकला तर मुश्ताकभाईंनी माझ्याकडे चमकून बघितलं, "जल्दी है क्या?" पाऊण तासात काटा बारापर्यंत गेला, तोही उतारावर. सत्तरला सुरू होणारा आजार बाराला कसा दिसणार? डॉक्टरने पेशंटला म्हणावं, जरा धावून दाखव, आणि खोली कपाटाएवढी.

परत आल्यावर मावशींनी दारातच विचारलं, "झाली?"

"टायर झाले."

"मी टायर न्हाय इचारले."

गुरुवार: वळ आणि अंजूर

दाजी म्हणाले, वळ गावात त्यांच्या ओळखीचे जनूशेठ आहेत, त्यांचे ट्रेलर चालतात, त्यांना शाफ्टमधलं सगळं कळतं. वळला पोचलो. एके काळी भात पिकायचा म्हणे तिथे. आता गोदामं पिकतात, आणि बांधावर पण गोदामच. रस्त्यावर कंटेनर एकामागे एक असे उभे की पुढचा ड्रायव्हर उतरून भात शिजवत होता आणि मागचा त्याला मीठ देत होता. आमच्याकडे पाहुण्याला पत्ता सांगताना देऊळ सांगतात, वडाचं झाड सांगतात. इथे सांगतात, "निळ्या पत्र्याच्या गोदामावरून लेफ्ट." दोन्ही बाजूंना दिसेल तिथपर्यंत निळेच पत्रे.

जनूशेठ पांढऱ्या शर्टात, गळ्यात करंगळीएवढी साखळी. जमीन गोदामाला दिली, पण ट्रेलरखाली स्वतः आडवे होतात. आमच्या गाडीखाली वाकून बघितलं आणि उठले.

"ह्यो जॉइंट हाय? आमचे टेलरचे जॉइंटची ह्यो दातकोरनी पन व्हनार न्हाय."

म्हणजे इथे त्याला जॉइंट म्हणतात. तोपर्यंत एका लोखंडाची चार नावं झाली आणि ज्याला विचारावं तो बाकीची तीन चुकीची म्हणे.

पण जनूशेठनी हातात धरून शिकवलं. दांडा एक नसतो, आपल्या गाडीला दोन तुकडे असतात. मधे एक रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग, ते त्याला पोटाला टांगून धरतं. प्रत्येक टोकाला चिमट्यासारखा योक. दोन चिमटे एकमेकांना आडवे, आणि मधे अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस, ज्याच्यावर ते वाकू शकतात. कारण रस्ता खालीवर झाला की मागची चाकं खालीवर होतात, दांड्याला वाकता आलं पाहिजे. आणि एका ठिकाणी दातेरी स्लिप, म्हणजे नळीत नळी, ज्याच्यामुळे तो लांबतो नि आखडतो.

"आता बग." त्यांनी क्रॉस धरून हिसका दिला. "ढिला न्हाय." सेंटर बेअरिंगचा रबर दाबला. "फाटला न्हाय." दांड्यावरून मायेने हात फिरवला. "वाकला न्हाय. आन रंग कसला झ्याक हाय रं, कोन लावला?"

"मीच," मी म्हणालो. दांडा चंदेरी चमकत होता. मला बरं वाटलं. तीन दिवसांत कुणीतरी काहीतरी चांगलं बोललं होतं.

"पळवून बगल्याबिगर कलनार न्हाय," जनूशेठ म्हणाले. "अंजूरचा रस्ता चल. थय मोकला हाय."

अंजूरच्या वाटेला खरंच हिरवं दिसलं. एका बाजूला खाडी, दुसरीकडे शेत, आणि शेतात "गोदामासाठी जागा" असे फलक. रस्ता सरळ. मी दाबली. तीस, चाळीस, पन्नास. बावन्न. जनूशेठ पुढे वाकले, दाजींनी देवाचं नाव घेतलं. आणि समोर स्पीडब्रेकर. नवीन गोदामाच्या मालकाने आपल्या गेटसमोर स्वतःच घातलेला, कमरेएवढा. मी ब्रेक मारला, गाडी उडाली, दाजींचं डोकं टपाला लागलं. त्यापुढे शंभर पावलांवर दुसरा, कारण समोरच्या गोदामवाल्याला पहिल्याचा राग आला होता. असे सात. सातवा कुणाचा विचारलं तर जनूशेठ खिडकीबाहेर बघायला लागले.

"तो माजा."

काम झालं नाही, पण जेवण झालं. जनूशेठच्या बहिणीच्या घरी तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा, डोळे वर काढून बघणारा बोटभर मासा. घोटीत आपण मासा म्हटलं की बाजारात बर्फात झोपलेला बघतो, हा ताटात पण आपल्याकडे रोखून बघतो. मी सात खाल्ले. मला तो वेळ सोडून बाकी गुरुवार आठवायचा नाहीये.

संध्याकाळी मावशी दारात. "झाली?"

"सेंटर बेअरिंग चांगलं आहे. क्रॉस चांगले आहेत."

"सगलं चांगलं हाय, तरी हादरतं," मावशी म्हणाल्या. "तुज्या गाडीला नजर लागली असल."

आत ताई पिशवी भरत होती. मला बघून तिने भरलेलं परत काढायला घेतलं. एकेक साडी कपाटात, सावकाश. मला हेडमास्तरांची नक्कल सुचत होती, केली नाही.

शुक्रवार: कामतघर, लूम बंद

सकाळी जाग आली ती घाबरून. वाटलं कान गेले. किणकिण नाही, खटाक-खट नाही. बाळकृष्ण जिथल्या तिथे.

"शुक्रवार आहे," ताई म्हणाली. "लूम बंद."

तिचं तोंड उतरलेलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरात तिला हसवायला मावशींची नक्कल सुरू केली. कमरेवर हात, मान तिरकी. "ही गाडी अशी करते? आन हिच्यात माझी सून बसनार?" मग मधेच गाडी झालो, मग परत मावशी, मग मावशी गाडीत बसल्या तर कशा हालतील ते. ताई हसेना. ती माझ्या मागे बघत होती.

मागे मावशी उभ्या होत्या. खरोखरच्या.



"माजी बरी जमली," मावशी म्हणाल्या. "फक्त मी कमरंवर उजवा हात ठेवते. गाडीची परत कर."

"काय?"

"गाडीची. सत्तरची. शांतपनी."

मी केली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"आता ज्या गाडीचं चाक वाकडं असतं तिची कर."

ती पण मला येते. आमच्या घोटीच्या रॉकेलवाल्याच्या टेम्पोची. डगडग, डगडग, डगडग.

मावशींनी डोळे उघडले. "चाक जाड बोलतं. तुजी गाडी बारीक बोलते, सुईसारखी. म्हंजे चाकापेक्षा जोरात फिरनारं काइतरी बोलतंय. मंगलवारी पन मला असंच वाटलं, पन ह्या लूमच्या आवाजात माजी खात्री न्हवती." त्यांनी पदर खोचला. "माजे चार लूम व्हते. कंचा शाफ्ट रडतो ते मी पलंगावरून सांगायची. चल मुश्ताककडं."

मुश्ताकभाई जुम्म्याच्या तयारीत होते, इस्त्रीचा कुर्ता घातलेला. मावशींना बघून त्यांनी त्यावरच डांगरी चढवली.

"रस्त्यावर पलत न्हाय ना?" मावशी म्हणाल्या. "मग हितंच पलवा."

पुढच्या चाकांना दगड लावले. मागचा धुरा उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या, म्हणजे मागची चाकं अधांतरी. मी आत बसलो, गिअर टाकत गेलो. तीस. पन्नास. गल्ली जमा झाली. लूम बंद असल्याने सगळेच रिकामे होते. साठ. आणि सत्तर.

भिवंडीत, कामतघरात, सत्तर. एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "इतनी स्पीड मैंने यहाँ कभी नहीं देखी."

सीटखालून मुंग्या आल्या. मुश्ताकभाईंनी दारावर पंजा ठेवला. आज भिंत शांत, जमीन शांत. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अरे साले साहब. ये तो काँपती है."

"मी बुधवारपासून तेच सांगतोय."

"मुझे लगा, लूम है."

मग काम भराभर झालं. सत्तरवर गिअर काढून न्यूट्रल केला, गुणगुण तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. थांबवून मागची दोन्ही चाकंच काढून टाकली आणि परत पळवली, तरी तशीच. म्हणजे टायर सुटले. मावशींनी मान हलवली, "सांगितलं व्हतं." आता उरला एकच.

इंजिन बंद करून मुश्ताकभाई खाली गेले. बराच वेळ नुसती त्यांची पावलं दिसत होती.

"साले साहब. इसको खोला था किसी ने?"

मी काच पुसायला घेतली.

"किसने खोला?"

सांगतो. आमच्या घोटीत दसऱ्याला गाड्या धुऊन पूजा करतात हे तुम्हाला माहीत आहे. यंदा मी ठरवलं की गाडीचं पोट पण पूजायचं, कारण मेहनत सगळी तेच करतं. शेजारच्या पप्याला घेतलं, दांडा खाली काढला, दोन तुकडे वेगळे केले, ग्रीस भरलं, घासला, दोन हात चंदेरी रंग दिला, हळदीचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. अण्णांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग हार काढून दांडा परत बसवला. बसला. मला वाटलं, बसला म्हणजे बसला.

"मी खोलला होता," मी म्हणालो. "दसऱ्याला. पूजेसाठी."

चहावाल्याने किटली खाली ठेवली.

मुश्ताकभाईंनी मला गाडीखाली बोलावलं. दोन्ही टोकांचे चिमटे दाखवले. एक सरळ आडवा, दुसरा जरा तिरका. "देखो. क्रॉस वाकड्यात फिरतो ना, तो हर चक्कर में दो झटके देता है. एक सिरा जो झटका देतो, तो दुसरा सिरा वापस घेतो. पण दोनों एक लाइन में पाहिजे. तुमने स्लिप दो दाँत घुमा के डाली. अब दोनों मिल के झटका देते हैं."

मावशी वरून म्हणाल्या, "फुगडीत एकीनं पाय चुकवला की दोघी हालतात. तेच."

मुश्ताकभाईंनी चिंधीला थिनर लावून माझा चंदेरी रंग पुसला. माझ्या स्वस्तिकाच्या बरोबर खाली एक बारीक बाण निघाला, कारखान्यात कोरलेला. दुसऱ्या तुकड्यावर दुसरा बाण. दोघांची तोंडं समोरासमोर पाहिजेत. ते रुसलेल्या जावांसारखे वेगवेगळीकडे बघत होते. दसऱ्यापासून. आणि घोटीत गाडी चाळीसच्या वर जात नसल्याने कुणाला पत्ताच नव्हता.

चार दिवस मी टायरवाल्यावर, रस्त्यावर, जनूशेठवर, मुश्ताकभाईंच्या पंजावर हसलो. आणि सगळा रोग माझ्याच हातचा, वरून स्वस्तिक काढून.

स्लिप काढली, दोन दात फिरवली, बाणाला बाण लावला, परत घातली. नवीन काही लागलं नाही. चाकं चढवली. परत सत्तर. मुश्ताकभाईंनी पंजा ठेवला, डोळे मिटले, आणि यावेळी उघडल्यावर मान डोलावली. मग त्यांनी गल्लीकडे तोंड करून, खांदे पाडून, माझा आवाज काढला, "मी खोलला होता. दसऱ्याला. पूजेसाठी." हुबेहूब. गल्ली एवढी हसली की मला पहिल्यांदा कळलं, शाळेत हेडमास्तरांना काय वाटलं असेल.

मी मावशींकडे बघितलं. "आता पाठवाल?"

"उद्या बगू," मावशी म्हणाल्या. "मी येते संगं. पडघ्यापरत."

शनिवार: कामतघर ते घोटी

मावशी पुढच्या सीटवर बसल्या, हातात काठोकाठ पाण्याचा स्टीलचा पेला. ताई मागे, उशा लावून, पिशवी परत भरलेली. गाडीच्या मागे दाजी मोटारसायकलवर, मावशींना परत न्यायला.

"हे पानी सांडलं तर हितनंच मागं," मावशी म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशीच पहिला खड्डा. अर्धा पेला माझ्या मांडीवर. दुसऱ्या खड्ड्याला उरलेला अर्धा मावशींच्या. ताईने डोळे मिटून घेतले. मी गाडी थांबवली. मला वाटलं, संपलं.

मावशींनी रिकामा पेला बघितला, रस्ता बघितला. "ह्यो रस्त्याचा हादरा. त्यो मोजायचा न्हाय," त्या म्हणाल्या. लूम मोजायचा नाही, रस्ता मोजायचा नाही. भिवंडीची माणसं उगीच नाही टिकून राहत.

हायवेला लागल्यावर त्यांनी बाटलीतून पेला परत भरला. मी हळूहळू काटा वर नेला. साठ. पासष्ट. सत्तर. मी रस्ता सोडून पेला बघत होतो. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड रस्त्याकडे वळवलं. सत्तर, पंच्याहत्तर, परत सत्तर. पाणी आरशासारखं. त्यात आभाळ पण दिसत होतं.

पडघा येईपर्यंत मावशींनी पेल्यावरची नजर काढली नाही. मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"तान लागली व्हती," त्या म्हणाल्या. उतरल्या, मागचं दार उघडून ताईच्या गालावरून हात फिरवला. "आठवड्याला फोन कर. आन ह्याला गाडीखाली जाऊ देऊ नको."

दाजींच्या मागे बसून त्या गेल्या. आम्ही निघालो. वाशिंद, आसनगाव, गाडी लोण्यासारखी. मी जिंकल्यासारखी शीळ घालत होतो. शहापूर जवळ आलं तेव्हा मागून ताई म्हणाली, "मन्या, गाडी थांबव. काहीतरी बंद पडलंय."

मी घाबरून थांबवली. उतरलो, खाली वाकून बघितलं. बाण समोरासमोर. सगळं ठीक.

"काय बंद पडलं?"

"माहीत नाही. एकदम शांत वाटतंय. डोळे मिटले तर घाबरायला होतंय. आणि हे पण केव्हाचं लाथा मारतंय." तिने पोटावर हात ठेवला.

मग मला कळलं. गाडी सुरू केली आणि तोंडाने हळूच धरलं: खटाक-खट, खटाक-खट, खटाक-खट.

दोन किलोमीटरात ताई झोपली. पोटातलं पण शांत झालं असावं, कारण तिचा हात तिथून खाली घसरला. घाटात माझं तोंड दुखायला लागलं म्हणून जरा थांबलो, तर मागून झोपेतच आवाज आला, "लाइट गेली का?"

घोटीपर्यंत चार लूम एकट्याने चालवले. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, आणि माझा जबडा पुढे दोन दिवस बंद झाला नाही.